डावं पान, उजवं पान

चर्चमध्ये वाचन करणाऱ्या वाचकाच्या कामाचा नियम एकच होता आणि तो मेणबत्तीमामांनी तिला तीनदा सांगितला होता. "लिहिलंय ते वाचायचं. पदरचं घालायचं नाही, गाळायचं नाही."

मेणबत्तीमामा म्हणजे निवृत्त पोस्टमन. चर्चमधली वेदी लावणं, मेणबत्त्या पेटवणं, घंटा वाजवणं सगळं त्यांच्याकडे. नियम तिला नवा नव्हता. औषधाच्या दुकानात सोळा वर्षं ती हेच करत आली होती. चिठ्ठीवर लिहिलंय तेच द्यायचं. शंका आली तर डॉक्टरांना फोन करायचा.

तिची आई या धर्मग्रामाची, म्हणजे या चर्चच्या वस्तीची, सगळ्यात जुनी वाचक. सहा वर्षांपूर्वी ती गेली आणि तेव्हापासून लेक शेवटच्या बाकावर बसू लागली, शेवटच्या आशीर्वादाआधीच बाहेर पडू लागली. अखेर एका रविवारी फादरांनी तिला फाटकाशी गाठलं. "मागे बसून पहारा देता का? चोर आला तर कळवा. नसेल येत, तर पुढे या." ती हसली आणि हसली तिथेच फसली. वाचकांच्या यादीत तिचं नाव गेलं.

आज तिची पहिली पाळी. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, आठची होती. सात पस्तीसला ती वेदीमागच्या खोलीत उभी होती. जीभ टाळ्याला चिकटलेली. बाहेर पहिल्या बाकावर बाबा बसले होते. शेजारची जागा धरायला त्यांनी रुमाल पसरला होता. वाचून झालं की आपण तिथे बसायचं, एवढाच तिला आधार होता.

"पाणी प्या," मामा म्हणाले. "तुमची आई पहिल्या दिवशी चष्मा घरी विसरली होती. अख्खं वाचन तोंडपाठ म्हटलं. निम्मं मनचं."

"आणि तुमचा नियम?"

"तो दुसऱ्या दिवशी केला."

त्यांनी तिच्या हातात वही दिली. ही वही दाराशी टेबलावर असे. डाव्या पानावर आजारी माणसांची नावं, उजव्या पानावर मृतांची. येणारा लिहून जाई. प्रार्थनेच्या वेळी वाचक ती मोठ्यानं वाची.

तिची नजर आधी उजव्या पानावर गेली. पाच नावं होती. चौथं तिच्या भावाचं होतं.

एकाच नावाची दोन माणसं असतात. पण अक्षर बाबांचं होतं. नकाशे काढण्यात जन्म गेलेल्या माणसाचं अक्षर. सुटं, सरळ, शिरोरेघ पट्टी धरून ओढल्यासारखी. ती दिवसभर दुसऱ्यांची अक्षरं वाचूनच पोट भरत होती. चूक होण्याचा प्रश्न नव्हता.

भाऊ मालवाहू जहाजावर होता. दर गुरुवारी दुपारी त्याचा बाबांना फोन येई. या गुरुवारी दुकानातून परतल्यावर तिनं विचारलं होतं, "आला होता का फोन?" बाबा "आला होता" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. शुक्रवारी ते जेवले नाहीत. पोट बिघडलं असेल म्हणून तिनं मऊ भात केला होता.

म्हणजे फोन भावाचा नव्हता. भावाबद्दलचा होता. बाबांनी तीन दिवस गिळून ठेवलं होतं आणि आज वहीत उतरवलं होतं.

तिनं भावाला फोन लावला. संपर्काबाहेर. तिनं मेसेज लिहिला, "आहेस का?" मेसेज गेल्यावर तिला आपल्याच शब्दांचा अर्थ कळला.

सात सत्तेचाळीस. बाबा दहा पावलांवर होते. दाराच्या फटीतून तिनं पाहिलं. ते रुमालाची सुरकुती हातानं काढत होते. मुलगा गेलेला बाप असा बसेल? बसेलही. जाऊन विचारावं, तर आजूबाजूचे बाक भरले होते.

"दोन्ही पानं बघून ठेवा," मामा म्हणाले. "ऐन वेळी अडखळायला नको."

तिनं डावं पान पाहिलं. आजाऱ्यांत सात नावं. सगळ्यात खाली, त्याच सुट्या सरळ अक्षरात, आईचं नाव.

"मामा, हे कधी लिहिलं त्यांनी?"

"आत्ताच की, तुम्ही आत आलात तेव्हा. मला विचारलं, आजारी कुठल्या बाजूला? मी म्हटलं..." मामांनी वहीत डोकावलं. त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. आईच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तेही होते.

तिच्या हातातला फोन थरथरला. भावाचा मेसेज. "आहे की! जाणार कुठे, चहूकडे पाणी. काय गं ताई, सकाळी सकाळी? आणि लाइन नीट करून घ्या. गुरुवारी बाबा दोनदा म्हणाले, कोण बोलतंय?"

सुटकेचा श्वास निम्माच बाहेर आला. मेसेजचं शेवटचं वाक्य तिनं पुन्हा वाचलं.

"दोन्ही गाळा," मामा हळूच म्हणाले. "नियम माझा आहे, मीच मोडतो."

भावाचं गाळता येईल. पण आईचं गाळलं, तर पहिल्या बाकावरच्या माणसाला वाटेल, आपल्या आजारी बायकोसाठी कुणी प्रार्थनाही केली नाही. आणि उजव्या पानात घालून वाचलं, तर त्याला ती बातमी माइकवरून कळेल, मुलीच्या तोंडून. दुकानात शंका आली की फोन करायला डॉक्टर असत. इथे घंटा झाली.

प्रार्थनेच्या वेळी ती वाचनपीठाशी गेली. आजाऱ्यांची सहा नावं वाचली. मग आईचं वाचलं.

चर्चमध्ये आईला न ओळखणारं कुणी नव्हतं. लोकांनी उत्तर द्यायचं होतं, ते आलं नाही. बाकांवर माना वळल्या. मग मागून एकट्या मामांचा पोस्टमनचा खणखणीत आवाज आला, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." त्यामागून सगळे म्हणाले. बाबांनी मान डोलावली.

मृतांची तिनं चार नावं वाचली.

मिस्सा संपल्यावर कुणी काही विचारलं नाही. दोन बायकांनी नुसता तिचा हात दाबला. ते तिला जास्त जड गेलं.

घराच्या वाटेवर बाबा म्हणाले, "छान वाचलंस. पण एक नाव गाळलंस."

"हो."

"वाचकानं गाळायचं नसतं. आई रागवेल."

"बाबा, तो बरा आहे. आत्ताच त्याचा मेसेज आला."

"बरा आहे?"

"हो. जहाजावर आहे."

ते थांबले. कपाळावर आठ्या आल्या, हिशेब चुकलेला नकाशा समोर असावा तशा. "पण आपल्या घरातून पेटी निघाली होती. मी होतो तिथे. फुलं होती." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मग गेलं कोण?"

ती त्यांचा हात धरायला गेली. ते पुढे चालू लागले, आधीपेक्षा भरभर.

दाराशी तिनं पर्समधून किल्ली काढली.

"किल्ली कशाला?" बाबा म्हणाले. "ती घरात आहे ना?"

त्यांनी बेल दाबली. आत बेल वाजली, थांबली. बाबांनी दाराला कान लावला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले.