चिखलातलं कोकरू

येडूआप्पांचा जन्म सांगोल्याच्या माळावर मेंढरांमागं गेला. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा कळप विकून ते बायको कस्तुराबाईंसह सोलापुरात दोन खोल्यांत राहायला आले आणि चार दिवसांत कंटाळले. लेक ऋतुजा पुण्यात नोकरीला. फोन केला की "बरी हाय, आप्पा, जेवले," एवढं बोलून ठेवायची. एवढ्यानं कुठल्या बापाचं पोट भरतं?

"रविवारी काय करतीस गं?" त्यांनी एकदा विचारलं.

"मोबाईलवर खेळते. ऑफिसातली टोळी हाय आमची. राक्षस मारायचा."

"मग मी बी येतो की."

ती हसली, पण नको म्हणाली नाही. खेळ फुकट होता, आणि फुकट ते पौष्टिक यावर आपल्या लोकांची श्रद्धा जुनी आहे.

खेळातलं आपलं सोंग निवडताना आप्पांचा अंगठा भलतीकडं पडला आणि ते झाले लांब कानांची, सोनेरी केसांची बाई. निदान डोक्याला पागोटं हवं होतं, पण त्याला पैसे पडत होते. शेंगांची चटणी कुटता कुटता कस्तुराबाई डोकावल्या.

"ही कोण बया?"

"मीच हाय ती."

कस्तुराबाई दुप्पट जोरानं चटणी कुटायला लागल्या.

टोळीचा म्होरक्या राजशेखर, ऋतुजाच्याच ऑफिसातला. त्यानं मोबाईलमधून बजावलं, "काका, गुहेत सगळे एकदम शिरणार. मागं राहिलात तर टोळीतून काढावं लागेल." आप्पांनी ओळखलं, टोळी गेली म्हणजे लेकीचा रविवार गेला. त्यांची बाई जीव तोडून सगळ्यांमागं पळायला लागली.

आणि नेमकं गुहेच्या तोंडाशी त्यांना कोकरू दिसलं. चिखलात रुतलेलं, मान वर करून ओरडणारं. खेळवाल्यांनी ते नुसतं शोभेला ठेवलं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण अडकलेलं पिल्लू खांद्यावर टाकल्याशिवाय ज्यानं जन्मात पुढची वाट धरली नाही, त्याला शोभा कोण सांगणार? बाई वळली आणि चिखलात उतरली.

"काका, चला! दार बंद होतंय!"

"तुमी व्हा म्होरं. पिल्लू अडकलंय हितं."

"अहो, ते खोटं आहे!"

"वरडतंय की!"

राजशेखर शब्दाचा पक्का निघाला. पडद्यावर पाटी आली, आप्पा टोळीतून बाद. सगळे आवाज बंद झाले. कोकरूही निघेना. चित्रातल्या पिल्लापायी लेकीची सोबत घालवली, या विचारानं आप्पांना रडू यायचंच बाकी राहिलं.

तेवढ्यात गुहेच्या मिटत्या दारातून झुबकेदार मिशांचा एक तलवारवाला पळत आला. पडद्यावर नवी पाटी आली, दोघांचीच टोळी.

"आप्पा, थांबा. मी हाय, ऋतुजा."

"अगं, तुजा राक्षस?"

"बोंबलू दे त्याला. तुमी मागनं धरा." दोघांनी बरीच झटापट केली. शेवटी ती म्हणाली, "आप्पा, हे निघायचंच न्हाय. खेळात तसं केलेलंच न्हाय."

"मग बसू जरा हितं. एकटं भ्यायचं ते."

तलवारवाला कोकराशेजारी चिखलात बसला.

"मला बी हितं पुण्यात लई एकटं वाटतंय, आप्पा," ऋतुजा म्हणाली, आणि मग बोलतच राहिली. खोलीचं, डब्यातल्या पाणचट आमटीचं, रागावणाऱ्या साहेबाचं. आप्पा नुसते "व्हय, व्हय" करत होते आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते.

कस्तुराबाई पुन्हा डोकावल्या. "आता हा मिशीवाला कोण?"

"आपली ऋतू हाय."

त्यांनी हातातली मुसळी खाली ठेवली.

"सरका जरा," त्या म्हणाल्या.