अनादी माइतींचं पान

अनादी माइती पंगतीला बसले की मुलीकडच्यांचा जीव खालीवर व्हायचा, एवढा त्यांचा लौकिक होता. ऐन तारुण्यात एका लग्नात भात, डाळ, मासे, मटण सगळं यथासांग उरकल्यावर त्यांनी त्र्याहत्तर रसगुल्ले उडवले होते, आणि यजमानांना सायकल दामटत शेजारच्या गावच्या मिठाईवाल्याला उठवावं लागलं होतं. तेव्हापासून त्यांच्या पलाशडांगा गावाचं वऱ्हाड त्यांच्याशिवाय निघत नसे. नवरदेवाला उशीर झाला तर चालेल, पण अनादीबाबू बसच्या पुढच्या बाकावर हवेत. मुलीकडच्यांची फजिती करायला असा एखादा खाणारा पदरी लागतोच.

या लौकिकानेच त्यांचा घात केला. अठ्ठावन्नाव्या वर्षी, दुर्गापूजेच्या तोंडावर, डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. मधुमेह जुनाच. डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं होतं आणि अनादीबाबूंनी ते केलंही होतं, म्हणजे ते रसगुल्ला पिळून खात. पट्टीचे खाणारे मुठीत पाक पिळून टाकतात, पोटात जागा राहावी म्हणून. ती युक्ती यांनी पथ्य म्हणून चालवली. पाक गेला की साखर गेली, असं त्यांना वाटे, आणि अख्ख्या गावालाही. रोज चार-पाच पिळलेले, असं दोन वर्षं चाललं. आता पुढच्या खेपेला पाऊल जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, तेव्हा बायको शेफाली शेजारीच उभी होती. ती रडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने एवढंच विचारलं, की मग यांना चप्पल एकाच पायाची मिळते का.

त्या दिवसापासून गोड बंद झालं, पिळलेलंही. बोलायला सोपं आहे. दुपारचं जेवण झालं की शेफालीवर उगाच डाफरणं व्हायचं. निताई मोदक या मिठाईवाल्याचं दुकान टाळायला ते तळ्याला वळसा घालून शाळेच्या कचेरीत कामाला जात. बडीशेप चावून चावून दात दुखायला लागले. पौषात खजुराचा नवा गूळ घरी आला, तेव्हा एकदा त्यांनी मडक्यात बोट घातलंच. मग ते बोट न चाटता तसंच वर धरून मोरीवर नेलं आणि साबणाने धुतलं. त्या वेळी डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही.

माघात थोरल्या भावाच्या, सुधन्यच्या मुलाचं लग्न निघालं. मुलगी तमलूकच्या जानांची. तिचा काका भूपती जाना याने निरोपच धाडला होता, की तुमचे ते सुप्रसिद्ध काका येऊ देत, आम्ही हंडा वेगळा काढून ठेवलाय. सुधन्य दोन दिवस भावाच्या ओट्यावर ठाण मांडून बसला. वडिलांचं नाव, घराण्याची अब्रू, सगळं काढून झालं. शेवटी धाकट्याला लहानपणच्या नावाने हाक मारत म्हणाला, "बाबलू, वीसच खा. आणि पिळून खा, म्हणजे झालं."

अनादीबाबू लग्नाला गेले. न जाणं म्हणजे पळून जाणं झालं असतं.

संध्याकाळच्या पहिल्या पंगतीत दोघे भाऊ मांडीला मांडी लावून बसले. मासे झाले, मटण झालं, आणि भूपती जाना स्वतः हंडा घेऊन आला. नव्या गुळाचे रसगुल्ले, तांबूस, कोमट. वासानेच अनादीबाबूंच्या तोंडाला असं पाणी सुटलं की त्यांना गिळावं लागलं. त्यांनी नको म्हटलं. भूपतीने वाकून एक पानात टाकलाच आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की माइतींचा वाघ म्हातारा झाला काय.

हशा पिकला. सुधन्य ओठ न हलवता पुटपुटला, "पिळ ना रे. पिळल्यावर काय होतंय?"

"दादा, माझी दोन बोटं पिळलेल्यांनीच गेली." अनादीबाबूंनी आवाज खाली ठेवला नाही. मग ते भूपतीकडे वळले. "आणि जानाबाबू, मला हा हवाय. इथे बसलेल्या कुणाहीपेक्षा मला जास्त हवाय. पण मी खाणार नाही. वाढा तुम्हाला किती वाढायचे ते."

भूपतीला हे आव्हान वाटलं. तो वाढत गेला. पंगतीतलं शेवटचं माणूस जेवल्याशिवाय उठायचं नाही ही रीत, आणि पलीकडे म्हातारे रमतगमत खात होते. अनादीबाबू हात मांडीवर ठेवून बसून राहिले. पाच झाले, आठ झाले. पाक पसरत भाताला लागला. मागे उभे असलेले आता मोजत होते, आधी थट्टेने, मग जरा दबल्या आवाजात. अनादीबाबूंच्या कपाळाला माघातही घाम फुटला होता, उजवा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी तो डाव्याने दाबून धरला. नजर मात्र त्यांनी पानावरून हलवली नाही. तोंड फिरवून जिंकायचं नव्हतं त्यांना. तेरा झाले. आता कुणी हसत नव्हतं.

सुधन्यने आपल्या पानातला अर्धा खाल्लेला रसगुल्ला खाली ठेवला होता. तो भावाच्या त्या दाबून धरलेल्या हाताकडे बघत होता. भूपतीने चौदावा उचलला, तेव्हा सुधन्यने आपले दोन्ही पंजे पसरून भावाच्या पानावर आडवे धरले. रसगुल्ला त्या पंज्यांवर पडला आणि पाक मनगटावरून नव्या पांढऱ्या पंजाबी कुडत्याच्या बाहीत उतरला.

"पुरे," सुधन्य म्हणाला. "माझा भाऊ जेवला."