कोड चार

अजराला त्या दिवशी घरी जायची घाई होती. रमजान चालू होता, बाहेर जूनचं ऊन भाजून काढत होतं, आणि इफ्तारीच्या आत रिफाला पोचून स्वयंपाक उरकायचा तर कंपनीची तीनची गाडी चुकवून चालणार नव्हतं. पगाराची शेवटची चार पाकिटं वाटायची राहिली असताना रत्नाबाई खिडकीशी आली.

ते एक खाजगी हॉस्पिटल होतं. अजरा तिथे पाच वर्षं पगाराची कारकून होती. माहेर दापोलीचं, लग्न होऊन बहारीनला आलेली. रत्नाबाई बाळंतिणींच्या वॉर्डात आया. चिपळूणकडची, नवऱ्याच्या मागे एकुलत्या मुलीला वाढवून, तिचं लग्न लावून मग परदेशी आलेली. पन्नाशीला टेकली होती. दोघींची गावं एका जिल्ह्यातली, म्हणून रत्नाबाई तिला लेकीसारखं ‘बाय’ म्हणे आणि हक्काने कामं सांगे.

“बाय, ह्या चिठ्ठीत काय कापलाय ता बघ गो जरा,” ती म्हणाली. “सनद वस्तीतल्या बायका सांगतात, हितं पगारावर टॅक्स नसतो. मग ह्ये अठरा दिनार कसलं?”

पगाराची चिठ्ठी इंग्रजीत असे. नावापुढे कोड, त्यापुढे पगार, त्यापुढे कपात. अजराने नजर टाकली. कोड चार, कपात अठरा. कोड चारला अठराच कापत.

“टॅक्स नाही तो, रत्नाबाई. कोडाप्रमाणे कापतात. बरोबर आहे.”

“बरोबर हाय ना? तू सांगतेस म्हंजे झालं.”

रत्नाबाईने चिठ्ठीची घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि ती गेली. अजराला गाडी मिळाली.

पुढच्या एप्रिलात नोकरांच्या हॉस्टेलला रंग द्यायचा ठरला. अकाउंटंट मॅथ्यू साहेबांनी हॉस्टेलात राहणाऱ्यांची यादी मागितली. हॉस्टेलात राहणाऱ्यांचा कोड चार. खोली आणि मेसचे पैसे त्यांच्याच पगारातून कापले जात. अजराने रजिस्टर काढून कोड चारची नावं मोजली, ती तेवीस भरली. हॉस्टेलच्या मेट्रनकडून आकडा आला बावीस. दोनदा ताडून पाहिल्यावर जास्तीचं नाव सापडलं ते रत्नाबाईचं.

रत्नाबाई तर सनदला राहते, भाचीकडे. हे अजराला माहीत होतं. गेल्या वर्षभरात कितीदा बोलण्यात आलं होतं. मालू नावाची ही भाची तिथल्या एका शाळेत कामाला होती, आणि मावशीला तिने आपल्याजवळ नेलं होतं. अजराने खालचा खण उपसला. जुन्या अर्जांच्या गठ्ठ्यात एक वहीचा कागद निघाला. मालूच्या हातचं मोडकंतोडकं इंग्रजी: माझी मावशी पंधरा मेपासून हॉस्टेल सोडून माझ्याकडे राहते, तिचे पैसे कापू नयेत. खाली रत्नाबाईच्या सहीचा अंगठ्याएवढा मोठा गोळा. आणि कोपऱ्यात, निळ्या शाईत, ‘मिळाला’ असं लिहून अजराची स्वतःची सही.

दहा महिने झाले होते. तिने पंखा लावला, तरी तिच्या मानेवरचा घाम सुकेना.

पैशांचा हिशोब तिने दोन मिनिटांत केला. नोव्हेंबर आठवला, तेव्हा मात्र तिचे हात थांबले. रत्नाबाईची दोन वर्षांनी मिळणारी रजा त्या हिवाळ्यात यायची होती. मुलगी शेवंती पहिलटकरीण, जानेवारीत दिवस भरणार होते, आणि रत्नाबाई उन्हाळ्यापासून बाळंतपणाला जायच्या गोष्टी करत होती. मग एक दिवस ती रजेच्या बदल्यात पैसे मागायचा अर्ज करायला आली.

“जात नाही?” अजराने तेव्हा विचारलं होतं.

“पुरत नाय गो बाय. शुक्रवारी रिफाच्या बंगल्यात इस्त्रीला जाते तरी पुरत नाय. पैसं धाडलं तर पोरीला बरा दवाखाना तरी मिळंल. रोज दुसऱ्यांच्या बाळांना न्हाऊमाखू घालते, आपल्याला तेवढी सवड नाय, काय करायचं.”

तो अर्ज अजरानेच टाइप केला होता. स्पेलिंग चुकू नये म्हणून दोनदा वाचलाही होता.

घरी गेल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. इक्बाल मआमीरकडच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होता, सरळ माणूस, पण भीतीही त्याला होती.

“कागद फाडून टाक असं मी म्हणत नाही,” तो म्हणाला. “पण सगळं साहेबाच्या पुढ्यात ओतायलाच हवं का? आपला व्हिसा त्या नोकरीवर नसला तरी घरभाडं त्या नोकरीवर आहे.”

“तिने मला विचारलं होतं, इक्बाल. तोंडावर विचारलं होतं. मी बघितल्यासारखं केलं.”



दुसऱ्या दिवशी तिने तो कागद मॅथ्यू साहेबांसमोर ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि कागद तिच्याकडेच परत सरकवला. “हा मी पाहिलेला नाही,” ते म्हणाले. “कोड या महिन्यापासून बदला. मागचे तीन महिने मी मंजूर करतो, चुकीची दुरुस्ती म्हणून. त्यापलीकडे वर विचारावं लागेल, आणि वर विचारलं तर तुमचं नाव येईल. खलास.”

त्यांनी हे तिच्या भल्यासाठीच केलं होतं. अजरा ‘थँक यू’ म्हणाली, आणि ते म्हटल्याची तिला दिवसभर लाज वाटली.

उरलेल्या सात महिन्यांचे पैसे तिने ईदच्या बांगड्यांसाठी साठवलेल्या रकमेतून काढले आणि महिनाअखेरीला रत्नाबाईच्या पाकिटात घातले. आपण गुपचूप भरपाई केली, आता मन हलकं होईल, अशी तिची समजूत होती. रत्नाबाईने पाकीट उघडलं, नोटा पाहिल्या आणि ती घाबरलीच. अजराने सांगितलं, जास्तीचे कापले गेले होते, ते परत आलेत.

रत्नाबाईचे डोळे भरले. खिडकीच्या गजांतून हात घालून तिने अजराच्या गालावरून बोटं फिरवली. “तू हुतीस म्हणून बाय. आमच्यासारखीला कोण इचारतंय. देव तुजं भलं करो.” मागच्या रांगेतल्या बायकांनाही तिने वळून सांगितलं, ही माझी अजरा, हिने शोधून काढलं.

अजराने रांगेतल्या बाकीच्या बायकांना पाकिटं दिली. मग खिडकी लावून घेतली आणि वॉर्डाकडे गेली. आयांच्या चहाच्या खोलीत रत्नाबाई एकटीच होती. अजराने दारातच उभं राहून सांगून टाकलं: मालूचा कागद, त्यावरची सही, खण, जूनमधली ती घाई, पाकिटात घातलेले स्वतःचे पैसे.

“माझा कागद तुझ्याजवळ हुता?” रत्नाबाईने विचारलं.

“हो.”

“आनि मी चिठ्ठी दाखवली, तवा तू बगितलं नाय.”

“नाही बघितलं.”

रत्नाबाई बशीतल्या चहाकडे पाहत राहिली. वॉर्डात कुणीतरी घंटा वाजवली. ती उठली, जाऊन एका बाळंतिणीला कुशीवर वळवून आली आणि परत जागेवर बसली. अजरा तिथेच उभी होती.

“नातू चार महिन्यांचा झाला,” रत्नाबाई म्हणाली. “मान धरतो म्हणं.”

तिने पाकीट बाहेर काढून नोटा पुन्हा मोजल्या.

“ह्यातलं तुझ्या पदरचं किती?”

अजराने आकडा सांगितला. रत्नाबाईने पाकीट पिशवीत घातलं. “ते मी परत द्यायची नाय. माजंच हाय ते.”

“तुमचंच आहे.”

“आनि ह्यी चिठ्ठी मला वाचायला शिकव. आकडं मला येतात. कुठं काय लिवलंय तेवढं सांग.”

मग आठ-दहा दिवस जेवणाच्या सुट्टीत दोघी बसल्या. अजराने जाड पुठ्ठ्यावर सगळे कोड मराठीत लिहून दिले: एक म्हणजे बाहेर राहणारे, दोन म्हणजे रात्रपाळी, चार म्हणजे हॉस्टेल. रत्नाबाई प्रश्न नेमके विचारी, उत्तर मिळालं की उठे. गावच्या गप्पा त्या दिवसांत झाल्या नाहीत. महिन्याभरात ती वॉर्डातल्या सगळ्या आयांच्या चिठ्ठ्या तपासू लागली. कनीज नावाच्या नव्या आयेचा कोड चुकलेला तिनेच पकडून आणला. ती चूक मात्र अजराची नव्हती.

रजा परत मिळायला दोन वर्षं गेली. चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात रत्नाबाई गावी जाऊन आली. परतल्यावर तिने नातवाचा फोटो सगळ्या वॉर्डाला दाखवला, शिपायांना दाखवला, मेट्रनला दाखवला. अजराला तो मागावा लागला.

“दाखवते की,” रत्नाबाई म्हणाली, आणि तिने दिला.

खुर्चीला धरून उभं राहिलेलं पोर होतं, दोन वर्षांचं होत आलेलं, कपाळावर तीट. अजराने नाव विचारलं. रत्नाबाईने सांगितलं, विठ्ठल.

“तुमच्याकडे आला लगेच?”

“नाय. आठ दिवस रडायचा मला बघून. वळखत नव्हता ना.” तिने फोटो परत घेतला, पदराने पुसला. “मग निघायच्या वेळी येत हुता.”

ती वॉर्डाकडे गेली. अजराने रजिस्टर उघडलं आणि त्या महिन्याची नावं पहिल्यापासून तपासायला घेतली.