रिकामी फळी

मांडव अजून उतरला नव्हता, आणि मनसारामभाऊंच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, भांडण पेटले होते. माणसांचे नव्हे. टांगलेल्या पिंजऱ्यात दोन बजरी पोपट एकमेकांवर तुटून पडले होते.

हिरवी हिरू मनसारामभाऊंच्या बायकोची, गोकुळाबाईंची. निळी निळू नव्या सुनेची, रोशनीची. चिमूरहून आरमोरीला सासरी येताना रोशनीने तिला एका लहान पिंजऱ्यात घालून मांडीवर धरून आणले होते. गोकुळाबाईंच्या घरात एक रीत होती. सून आली की तिचे सामान त्याच दिवशी घरच्या सामानात मिसळायचे. भांडी भांड्यांत, डबे डब्यांत. सामान वेगळे राहिले की मनही वेगळे राहते, असे त्यांना त्यांच्या सासूने सांगितले होते. त्याच हिशेबाने त्यांनी निळूला हिरूच्या पिंजऱ्यात सोडले.

पाहुण्या बायकांचा चहा संपायच्या आत निळूच्या बोटातून रक्त आले.

"आता काय करतं बाई," शेजारच्या भागीरथाबाई म्हणाल्या. "दोघी बी खाष्ट. त्यापेक्षा जंगलातला एक मिठ्ठू आणा न. बोलते तरी."

"जंगलातला पोपट घरात ठेवणं गुन्हा हाय, काकू," घरातून आचल म्हणाली. ती गोकुळाबाईंची मुलगी. प्राणिशास्त्र घेऊन नुकतीच पदवीधर झालेली. "ह्या बजरी परदेशी जातीच्या. पिंजऱ्यातच जन्मल्या, बाहेर सोडल्या त जगणार नाई."

"तुही मास्तरकी सुरू झाली," गोकुळाबाई म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "प्रफुल, ऐतवारी ते निळं पाखरू चिमूरले पोचवून दे. दोघींचं जमत नाई."

 रोशनीने निळूला हलक्या हाताने आपल्या लहान पिंजऱ्यात घेतले आणि तिच्या दाण्यांची, राळ्याची पुडी शोधू लागली. पुडी कुठल्या डब्यात गेली ते तिला सापडेना. माहेरची एकच जिवंत सोबतीण होती, तीही आता परत जाणार होती.

आचलने निळूचे बोट स्वच्छ पाण्याने धुतले. दोन्ही पाखरांच्या चोचीवरचा भाग नीट पाहिला. तपकिरी. म्हणजे दोन्ही माद्या. मग तिने हिरूच्या पिंजऱ्यात डोकावले. कोपऱ्यात गोकुळाबाईंनी हौसेने बांधलेली लहानशी मातीची मटकी होती.

"आई, भांडणाचं मूळ हे हाय. मादीले मटकी म्हणजे घरटं. हिरू तिचं घरटं राखून राह्यली. तिच्या जागी दुसरी असती त तिनं बी हेच केलं असतं."

"म्हणूनच त म्हणते, ते दुसरं पाखरू नको."

"पाखरू नको म्हणण्याआधी आपण काय केलं ते पाय न. एका मिनिटात आत ढकललं."

"मंग काय आरती करायची होती?"

आचलने वडिलांकडे पाहिले. मनसारामभाऊ पायरीवर बसून जाळ्याची गाठ घालत होते. गावच्या तलावात दरवर्षी माशांचे बीज, म्हणजे बारीक पिल्ले, सोडणाऱ्यांपैकी ते एक.

"बाबा, बिजाची पिशवी आली की तुम्ही सरळ तलावात ओतता का?"

"पागल झाली का? मरन न सारं. पिशवी आधी बंदच पाण्यावर ठेवाव लागते. पिशवीतलं पाणी अन् तलावाचं पाणी सारखं झालं पायजे. मंग तोंड उघडाचं, थोडं थोडं तलावाचं पाणी आत घ्याचं. बीज आपल्या मनानं बाहेर निघते."

"अन् तुमच्यातल्या त्या झिंगूनं सरळ ओतलं होतं तेव्हा?"

"पांढरं झालं होतं पाणी. सारं बीज मरून उलटं." मनसारामभाऊ हसले. "तुह्या आईनंच झाडलं त्याले. मी त तोंड बी उघडलं नाई."

गोकुळाबाईंनी ते नाकारले नाही. त्या दिवशी काठावर उभे राहून त्यांनीच झिंगूला विचारले होते, 'काऊन एवढी घाई? जिवाले पाणी ओळखू दे न.'

"ते पाण्याचं हाय," त्या जरा खाली आवाजात म्हणाल्या.

"हे हवेचं. जीव तोच," आचल म्हणाली. "मले महिना-दोन महिने दे. नाई जमलं त मीच चिमूरले नेऊन देते."

पहिला महिना निळू मागच्या खोलीत राहिली. नव्या पाखराला काही आजार असला तर तो जुन्याला लागू नये, म्हणून. आचल आधी हिरूला दाणे घाली, मग निळूला, आणि मध्ये हात धुई. निळूचे बोट सुकले. मग दोन्ही पिंजरे सपरीत आले, पण हातभर अंतरावर. चोच पोचणार नाही, आवाज पोचेल इतके.

प्रफुल वेल्डिंगच्या दुकानात कामाला होता. त्याने आचलने सांगितल्याप्रमाणे नवा पिंजरा बनवला. उंच नव्हे, रुंद. कारण पाखरू आडवे उडते. दाण्याच्या वाट्या दोन, पाण्याच्या दोन, त्याही दोन टोकांना. कडुलिंबाच्या काड्या वेगवेगळ्या उंचीवर. तो पिंजरा ना हिरूचा होता ना निळूचा. दोघींना तो सारखाच नवा.

काही आठवड्यांनी दोघी त्यात गेल्या. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरी. चोच एकदोनदा उघडली, पण रक्त निघाले नाही.

दुसऱ्या सकाळी मात्र पुन्हा किंचाळणे. आचल धावत आली तर पिंजऱ्यात मटकी टांगलेली.

"हिरूचीच त हाय," गोकुळाबाई म्हणाल्या. "तिले तिची वस्तू नको का?"

आचलने मटकी काढली. "तिची मटकी आली की निळू पाहुणी होते, आई. मंग ती पाहुणीच राहते."

गोकुळाबाई तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत स्वयंपाकघराकडे निघाल्या आणि दारातच थांबल्या. आत रोशनी शेगडीपासून दूर, भिंतीला टेकून उभी होती. कढईत तेल तापत होते.

"आई, तिखट कोणत्या डब्यातून घेऊ?"

लग्नाला दोन महिने होत आले होते. डबा समोर होता. तिच्याच माहेरचा होता.

पिंजऱ्याच्या लांबच्या काडीवर अंग चोरून बसलेली निळू गोकुळाबाईंना आठवली. आपण सुनेला कधी मारले नाही, उणे बोललो नाही. पण तिला सरळ तलावात ओतले! तिच्या डब्यांत आपले तिखट भरले, आणि तिला एक फळीसुद्धा ठेवली नाही. ही सारी खोली म्हणजे आपली मटकी.

त्यांनी गॅस बंद केला. स्टूल ओढले आणि वरची फळी रिकामी करायला लागल्या. पितळी पातेली, जुन्या बरण्या, सासूचा अडकित्ता, सगळे खाली आले.

"हे काय करून राह्यल्या, आई?"

"तुहे डबे घे. कोणते तुहे ते तुलेच ठाऊक. इथी तुह्या मनानं लाव. मी इचारून घेत जाईन."

रोशनी हसली. "तुम्ही इचारसाल?"

"न इचारता घेतलं त चोच मार."

त्या दिवशी मासोळीचा रस्सा रोशनीने केला, चिमूरच्या पद्धतीने. गोकुळाबाई सपरीतच बसून राहिल्या. मीठ किती टाकतेस, असे विचारण्यासाठी दोनदा उठल्या आणि दोनदा बसल्या. रस्सा तिखट झाला. मनसारामभाऊंनी दोनदा मागून घेतला.

वाचकहो, आपण नव्या माणसाला 'आमच्यातली हो' असे पहिल्याच दिवशी सांगतो आणि त्याला प्रेम समजतो. सून असो, वसतिगृहातली नवी मुलगी असो, कचेरीत बदलून आलेला माणूस असो, त्याला रुळायला वेळ लागतो आणि स्वतःची म्हणावी अशी जागा लागते. ही दोन्ही द्यायची जबाबदारी आधीपासून असलेल्याची आहे. जमत नाही म्हणून नव्याला परत पाठवण्याआधी, आपण त्याला कसे आत घेतले तेवढे तपासून पाहावे.

निळू चिमूरला परत गेली नाही. ती हिरूच्या वाटीतले दाणे खाते, हिरू तिच्या वाटीतले. अधूनमधून कुरबूर होते, मग जी ती आपल्या टोकाला जाते.

परवा भागीरथाबाई आपल्या मुलाच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन आल्या. नव्या सुनेसाठी कपाट घ्यावे की पलंग, ते त्यांना ठरत नव्हते.

"काईबी घे," गोकुळाबाई म्हणाल्या. "पण आधी घरी जाऊन एक फळी रिकामी कर."