चांगुणाची रिकामी मांडणी

मी एक जुनी मांडणी आहे, भांड्यांची. शहात्तर साली सातपूरच्या कारखान्यात उरलेल्या पत्र्यातून जयरामने मला जोडले आणि आपल्या खोलीच्या भिंतीवर टांगले. "ही भरली की माझं मन भरंल," असे त्याची बायको चांगुणा म्हणाली. मित्रांनो, मला ते खरे वाटले.

खालची फळी

पितळ गेले, स्टील आले. बोहारीण जुने कपडे घेई, भांडे देई. चांगुणा त्यावर नाव घालून घेई आणि नाव दाराकडे करून मांडे. शेजारच्या लताबाई म्हणत, "दुकान काढलंस का गं?" तेव्हा मी झळकत असे. तीही.

वरची फळी

एका डब्याला झाकण नव्हते. झाकण हवे तर आणखी एक कापड टाक, बोहारीण म्हणाली. पेटीत देवळा गावच्या तिच्या आईचे लुगडे होते. आई वारली होती. त्या लुगड्याची गोधडी शिवायची होती. चांगुणा जरा थांबली. मग दिले.

झाकण घट्ट बसले. तिने ते उघडले, लावले, उघडले. मग अनवाणीच गल्लीत धावली. बोहारीण गेली होती.

मधली फळी

विहारात तिने ऐकले होते, तृष्णा सुटली की दुःख सुटते. म्हणून ती भांडी वाटू लागली. कुणाच्या लग्नात, कुणाच्या बारशाला. प्रत्येक वेळी माझ्याकडे पाही: सुटले का?

लोक म्हणत, केवढे मोठे मन. भांडे पदराखाली घेत आणि निघत. कुणी बसले नाही.

शेवटचा तांब्या लताबाईंना देताना तिचा चेहरा निवळला. मी पाहिले. दार लागेपर्यंतच टिकले ते निवळणे.

फळी नाही, नुसती भिंत

पहिल्या पाळीला निघताना जयरामने विचारले, "रिकामी मांडणी रोज काय पुसतीस?"

"अवो, आता कायबी नको वाटतं."

"मग बरंय की."

"हाव गेली. तिच्या जागी काय आलंच नाय."

त्याची बस निघायची होती. तो गेला.

मित्रांनो, वस्तूने आपली कहाणी संपवताना वस्तू जपा, असे सांगायची रीत आहे. मला खुशाल गंज चढू द्या. पण कुणी बाई घरातले एकेक वाटत सुटली आणि एखादे भांडे तुमच्या हाती आले, तर लगेच वळू नका. तिच्या उंबऱ्यावर बसा. जेवलीस का, एवढे तरी विचारा.