ग्रहणात कापलेली केबल

मित्रांनो, सौंदडच्या शाळेतल्या लोखंडी कपाटात, फाटक्या नकाशांच्या मागे वेटोळं होऊन पडलेली मी एक जुनी केबल आहे. रंगाने करडी, बोटापेक्षा बारीक आणि लांबीला पन्नास मीटरांच्या आसपास. पूर्वी वीतभर जास्त होते. ती वीत कशी गेली ते आठवलं, की आजही माझ्या आतल्या आठही तारा आखडतात.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच वर्षी एका दूरच्या कारखान्यात माझा जन्म झाला. आठ तांब्याच्या तारांना वेगवेगळे रंग दिले, दोन-दोन तारांना पीळ घातला आणि वरून करडं आवरण चढवलं. नंतर कितीतरी वर्षं मी गोंदियाच्या स्टेशनाजवळ कैलाशच्या इंटरनेटच्या दुकानात संगणक जोडत होते. दुकान बंद झालं, तेव्हा कैलाशने मला गुंडाळून रत्नपाल गुरुजींच्या हातात ठेवलं. "ले जाओ गुरुजी, आपकी दूरबीन के काम आयेगी. यहाँ तो चूहे खा जायेंगे."

रत्नपाल गुरुजी सौंदडच्या शाळेत विज्ञान शिकवत. त्यांच्याजवळ एक दुर्बीण होती. तिला त्यांनी छोटा कॅमेरा बसवला होता. पण त्या कॅमेऱ्याच्या स्वतःच्या तारेतून चित्र जेमतेम पाच मीटर जात असे, पुढे हरवून जाई. गुरुजींनी दोन लहान डब्या आणल्या. एक कॅमेऱ्याजवळ, दुसरी संगणकाजवळ आणि मधे मी. मग चित्र थेट पन्नास मीटर जाऊ लागलं. मला किती धन्य वाटलं म्हणून सांगू!

दोन हजार दहा सालच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं. गुरुजींना त्याचं चित्र साठवून ठेवायचं होतं. ते काम नीट येत होतं एकट्या अंजूला. ती शाळेत संगणक शिकवायची. पण अंजूला सातवा महिना लागला होता आणि तिच्या सासूने, धुरपताबाईने, तिला घराबाहेर पाऊल टाकायला मनाई केली होती. शेवटी गुरुजी आपला लॅपटॉप घेऊन तिच्या घरी गेले. घर शाळेच्या भिंतीला लागूनच होतं.

"यातून गरहन तं नाई येत ना घरात?" धुरपताबाईने मला पायाच्या अंगठ्याने ढोसून विचारलं.

"नाही माय. फक्त चित्र येते."

"मंग येऊ द्या. चित्राले भेव नाई, उजेडाले आहे."

तिच्या भीतीला कारण होतं. नव्व्याण्णव सालच्या ऑगस्टातल्या ग्रहणात तिची लेक भागरता पोटुशी होती आणि तिने भाजीसाठी वांगी कापली होती. पुढे जन्मलेल्या मुलाचा ओठ फाटका निघाला. तेव्हापासून दहा वर्षं धुरपताबाई लेकीला ते वांगं ऐकवत होती. भागरता संक्रांतीला माहेरी आली होती. त्या दिवशी ती भावजयीच्या उशाशी बसून होती.

मी शाळेच्या मैदानातून निघाले, भिंत ओलांडली, अंगण पार केलं आणि उंबऱ्यावरून मधल्या खोलीत जेमतेम वीतभर शिरले. तिथे दुसरी डबी होती आणि तिची छोटी तार लॅपटॉपपर्यंत गेली होती. खोलीत अंधार होता. खिडकीत पोती कोंबली होती. अंजू चटईवर सरळ झोपून होती. तिला काही खायचं नव्हतं, पाण्याचा थेंबही घ्यायचा नव्हता. उशाशी ठेवलेल्या लॅपटॉपवर मात्र सूर्य दिसत होता आणि त्याच्या कडेला एक काळा चावा पडला होता.

माझ्यामुळे दार पुरतं लागत नव्हतं. फटीतून उन्हाची एक रेघ आत आली होती आणि हळूहळू अंजूच्या पायाकडे सरकत होती. धुरपताबाईला ती दिसली.

"अवो माय! पायापाशी येऊन राहिलं!" असं म्हणत तिने खांद्याने दार रेटलं आणि आडणा टाकला.

मित्रांनो, त्या जड सागवानी दाराचा दाब मी कधीच विसरणार नाही. माझ्या आत काहीतरी कटकन तुटलं. चित्र गेलं. खोलीत नुसता पडद्याचा पांढरट उजेड उरला आणि त्यात तीन बायकांचे घाबरलेले चेहरे.

थोड्या वेळाने अंजू म्हणाली, "माय, सकाळपासून पोटातलं हालून नाई राहिलं."

भागरताने तिच्या कपाळावर हात ठेवला.

"पाणी द्या ना घोटभर."

"गरहन सुटल्यावर," धुरपताबाई म्हणाली.

"कधी सुटन? आता तं दिसत बी नाई."

भिंतीपलीकडून गुरुजींची हाक आली. "अंजू, काऊन थांबलं काम?" भागरताने बाहेर जाऊन सगळं सांगितलं. गुरुजींना दुर्बीण सोडून येता येईना. भोवती चाळीस मुलं होती. एखाद्याने उघड्या डोळ्याने वर पाहिलं असतं, तर जन्माचं नुकसान झालं असतं. त्यांनी भिंतीवरून एक पिशवी दिली. तिच्यात पकड होती आणि नवी पिन. चेंगरलेला भाग कापून पिन बसवा, एवढंच त्यांनी सांगितलं.

धुरपताबाई दारात आडवी आली. "कापाचं? गरहनात? माह्या घरात? पोरगी पोटुशी झोपून आहे अन् तुमाले कापाचं सुचून राहिलं?"

"मी कापतो," भागरता म्हणाली.

"तू? एकदा कापून मन नाई भरलं तुहं?"

भागरताने पकड उचलली. "मले जे लागाचं ते लागून गेलं, माय. आता अजून काय लागन?"

पकडीचं थंड पातं माझ्या अंगाला टेकलं. मला माझ्यासाठी भीती वाटलीच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. या बाळाला काही झालं, तर भागरताला उरलेलं सगळं आयुष्य दोन मुलांचा दोष वाहावा लागणार होता. एक कट्ट आवाज झाला आणि माझी वीतभर लांबी जमिनीवर पडली.

अंजू पडल्या पडल्या रंग सांगू लागली. "पांढरी-नारंगी. मंग नारंगी. पांढरी-हिरवी. आता निळी, वन्सं, हिरवी नाही!" भागरता पोतीचे मणी ओवावे तशी एकेक तार पिनेत सारत होती. धुरपताबाई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

चित्र आलं. सूर्याची कोर उरली होती आणि काळं वर्तुळ हळूहळू बाजूला होत होतं.

"हाच का तो गिळणारा?" धुरपताबाईने वळून विचारलं.

"चंद्र आहे, माय. मधात आला होता. आता चालला."

म्हातारी बराच वेळ पाहत राहिली. मग ग्रहण पुरतं सुटायच्या आधीच तिने स्वतःच्या हाताने अंजूला पाणी पाजलं. थोड्या वेळाने अंजूने सासूचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. आत बाळ लाथ मारत होतं.

तरी भीती संपली नाही. मी त्या घराच्या खुंटीवर तशीच राहिले. येता-जाता प्रत्येकीची नजर माझ्या नव्या पिनेवर पडे आणि लगेच दुसरीकडे वळे. तीन महिने असेच गेले.

एप्रिलात अंजू बाळंत झाली. मुलगी झाली. घरी आणल्यावर धुरपताबाईने बाळ आधी बाळंतपणाला पुन्हा आलेल्या भागरतापुढे धरलं. भागरता हात पुढे करीना.

"घे. पाह्य, ओठ पाह्य तिचे." धुरपताबाई खाली बसली. "कापून बी काही झालं नाई. मंग तेव्हा बी तुह्यानं काही झालं नोयतं, भागरता. दहा वर्स मी तुले उगाच बोलली."

भागरताने बाळ घेतलं. ती त्या इवल्याशा तोंडाकडे पाहत राहिली.

मित्रांनो, आता मला कुणी वापरत नाही. कपाटात उंदरांची चाहूल लागते आणि मी अंग चोरून घेते. तुमच्या घरात माझ्या जातीचं कुणी असेल, तर दार ओढण्याआधी जरा खाली पाहा. आणि कुणाच्या माथी दोष मारण्याआधी त्याहून जास्त वेळ थांबा. चेंगरलेली केबल कापून नवी पिन बसवता येते. भागरताची दहा वर्षं मात्र तशीच राहिली.