वारेतून आलेला हिवताप

लॉन्ड्रीच्या हौदांवर डास घोंगावत होते. थोरली चादरींना इस्त्री करत होती, तिची धाकटी जाऊ घड्या घालत होती. धाकटीला आठवा महिना होता. घड्या घालता घालता तिला हुडहुडी भरली, दात वाजू लागले.

घरोघर फिरणाऱ्या नर्सबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला. "हिवताप दिसतोय. बोटातून थेंबभर रक्त घेते. निघालाच, तर पोटुशीला चालणारं औषध आहे."

"आमच्यात पोटुशीला सुई टोचत नाहीत, गोळ्याही देत नाहीत," सासूबाई आडव्या आल्या. "माझी पाच बाळंतपणं अशीच झाली. घाम आला की उतरेल."

नर्सबाईंनी आशेने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने मान खाली घालून इस्त्री पुढे सरकवली. बारा वर्षांत तिने सासूबाईंपुढे ब्र काढला नव्हता.

ताप उतरला, एक दिवसाआड पुन्हा चढत राहिला.

मुलगी झाली ती एवढीशी. दहाव्या दिवशी तिचं अंग तापलं, ओठ पांढरेफटक पडले. "आईचं दूधच नासकं," म्हणत सासूबाईंनी तिला अंगावरून तोडलं. दोन दिवस चमच्याने पाणी पाजण्यात गेले. शेवटी बापाने तिला उचललं आणि दवाखाना गाठला. मागोमाग दोघी जावा.

"आईच्या रक्तातले हिवतापाचे जंतू, नाळ जिला जोडलेली असते त्या वारेतून बाळात गेलेत," बाळाचं रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोटात असतानाच जंतूंशी गाठ पडली, की कधीकधी बाळाचं शरीर त्यांना आपलंच समजतं. लढायला उठतच नाही. दुधाचा काही दोष नाही. फार उशीर केलात."

औषध सुरू झालं. संध्याकाळी बाळाचा श्वास थांबला. धाकटीच्या पोलक्यातून दूध झिरपत होतं.

थोरली डॉक्टरीणबाईंजवळ गेली. "माझा मुलगा असाच गेला. अकराव्या दिवशी. तो पोटात असताना मीही अशीच कुडकुडत होते. हेच होतं का हो?"

"तुमचं रक्त तपासलं होतं?"

"नाही."

"मग आता कसं सांगू, बाई?"

तेवढ्यात सासूबाई येऊन पोचल्या. धाकटी बाकावर पुन्हा थरथरत होती. "चला घरी," त्या म्हणाल्या. "व्हायचं ते झालं."

"आधी हिचं रक्त तपासायचं," थोरली म्हणाली.

दवाखान्यातल्या नर्सने सुई काढली. कुणी अडवलं नाही. एवढंसं वाक्य बोलायला किती कमी वेळ लागतो, हे थोरलीला कळलं आणि ती भिंतीला टेकून हमसाहमशी रडू लागली.